चिंतेवर उपचार करणारा मानसतज्ज्ञ कसा पारखावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रौढ वयातील चिंता आणि भीतीचे झटके या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच गाळली असून, काही पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी 41 वर्षांची प्राथमिक शिक्षिका असून गुहागर तालुक्यात राहते. माहेर दापोलीकडे असल्यामुळे दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जाणे-येणे पहिल्यापासून अंगवळणी पडलेले. गेल्या वर्षी बोट खाडीच्या मध्यावर असताना अचानक छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण येथेच कोसळणार असे वाटले. त्यानंतर चिपळूणला जाऊन ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन असे सारे तपासून घेतले. काहीही दोष निघाला नाही. तेव्हापासून मी बोटीत पाऊल ठेवलेले नाही. माहेरी जायचे तर चिपळूण-खेडवरून वळसा घालते आणि आता एसटीतही दाराजवळचीच जागा धरते. डॉक्टरांनी ‘सीबीटी जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जा’ असे सांगितले (सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी उपचारपद्धती). मोबाईलवर शोधले तर समुपदेशक, लाइफ कोच, संमोहनतज्ज्ञ अशी ढीगभर नावे समोर आली. अमक्याला सीबीटीची पार्श्वभूमी आहे, हे माझ्यासारखीने कसे पडताळायचे?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी क्रम अगदी योग्य ठेवला आहे. आधी हृदय, थायरॉइड आणि रक्ताची तपासणी व्हावी आणि मगच मनाकडे वळावे. तुम्ही वर्णन केलेला प्रकार भीतीच्या झटक्याचा, म्हणजे पॅनिक अटॅकचा, दिसतो. पत्रावरून निदान करू नये, हे मान्य. तरीही पुढची दिशा सांगण्याइतकी माहिती तुमच्या पत्रात आहे.

प्रथम कागदोपत्री पात्रतेचे पाहू. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद 1992 च्या कायद्याने स्थापन झाली असून तिला सर्वजण आरसीआय म्हणतात. मानसशास्त्रात एम.ए. केल्यानंतर रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा आजवरचा त्याचा रूढ मार्ग आहे. नोंदणी क्रमांक विचारणे हा तुमचा हक्क आहे. तो सांगताना कोणी नाराज होत असेल, तर तेवढ्यावरूनच काय ते समजावे. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एम.डी. झालेले डॉक्टर असतात आणि औषधे डॉक्टरच लिहून देऊ शकतात. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र दोन वर्षांचे शिक्षणही असू शकते आणि दोन दिवसांची कार्यशाळाही. त्यामुळे पाटी वाचून थांबू नये. माझ्या माहितीतले काही समुपदेशक उत्तम काम करतात, हेही येथे नोंदवणे मला न्याय्य वाटते.

पण नोंदणी असली म्हणजे सीबीटी येतेच असे नाही. एम.फिल.च्या अभ्यासक्रमात अनेक उपचारपद्धती शिकवल्या जातात आणि पुढे प्रत्येकाचा हात एखाद-दुसऱ्या पद्धतीवर बसतो. म्हणून पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारावे : सीबीटीचे प्रशिक्षण कोठे आणि कोणाच्या हाताखाली घेतले? भीतीच्या झटक्यांचे प्रौढ रुग्ण आजवर पाहिले आहेत का? साधारण किती बैठका लागतील आणि सुधारणा होते आहे की नाही, हे कसे मोजणार? दोन बैठकांच्या मधल्या आठवड्यात मी काय करायचे असते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत कान देऊन ऐकावे. ज्याला खरोखर सीबीटी येते, तो मधल्या आठवड्यातल्या कामाबद्दल लगेच आणि तपशिलाने बोलू लागतो, कारण या पद्धतीतले निम्म्याहून अधिक काम दवाखान्याबाहेर होते. ‘तुम्ही फक्त येऊन मन मोकळे करा’ एवढेच उत्तर मिळाले, तर ती व्यक्ती कितीही प्रेमळ असली तरी तुम्हाला हवी ती उपचारपद्धती तेथे मिळण्याची शक्यता कमी आहे.

असे का, हे कळण्यासाठी पद्धतीचा उगम थोडा ठाऊक असावा. अॅरन बेक (1921-2021) हे फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेले होते. 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, रुग्णाच्या मनात काही विचार आपोआप, क्षणार्धात येऊन जातात आणि भावना त्यांच्या मागोमाग येते. त्याच्या थोडे आधी दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी यांनी भीतीच्या वस्तूला टप्प्याटप्प्याने सामोरे नेण्याची पद्धत विकसित केली होती. त्यांचे त्यावरील पुस्तक 1958 चे आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासूनच अविवेकी समजुतींना थेट आव्हान देणारी पद्धत मांडली होती. ती आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती या नावाने ओळखली जाते आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात चांगली रुजली. विचारांवरचे काम आणि वर्तनावरचे काम असे दोन्ही प्रवाह पुढे एकत्र आले. तुमच्या संदर्भात महत्त्वाचे नाव डेव्हिड क्लार्क यांचे आहे. भीतीच्या झटक्यात नेमके काय घडते, याची साधी आणि तपासता येण्याजोगी मांडणी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये केली.

ती मांडणी तुमच्या बोटीवरच लावून पाहू. ऊन, डिझेलचा वास, गर्दी किंवा सकाळपासून रिकामे पोट, अशा कोणत्याही कारणाने हृदय थोडे जोरात धडधडले. मनाने त्याचा अर्थ ‘हा हार्ट अटॅक’ असा लावला. तो अर्थ लागताच भीती वाढली, श्वास भरभर होऊ लागला, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी झाला आणि त्यामुळे बोटांना मुंग्या आल्या व डोके हलके झाले. या नव्या लक्षणांनी पहिला अर्थ पक्का केला आणि हे चक्र आणखी वेगाने फिरू लागले. काही मिनिटांत ते आपोआप उतरले असणार, कारण भीतीची लाट कायम टोकाला राहत नाही. परंतु तेवढ्यात बोट पलीकडच्या धक्क्याला लागली आणि तुमच्या मनाने ‘उतरलो म्हणून वाचलो’ असा निष्कर्ष काढला. त्यानंतरचा प्रत्येक वळसा आणि दाराजवळची प्रत्येक जागा हाच निष्कर्ष घट्ट करत आली आहे. भीती जिवंत ठेवण्याचे काम आता बोट करत नाही. ते टाळणे करते.

म्हणून उपचार साधारण असे चालतात. पहिल्या एक-दोन बैठकांत वहीत रकाने आखून नोंदी घ्यायला सांगतात : प्रसंग कोणता, शरीरात काय झाले, मनात नेमका कोणता विचार आला, तो शंभरपैकी किती खरा वाटला आणि मी काय केले. त्यानंतर तुमच्या डॉक्टरांची संमती असल्यास दवाखान्यातच एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घ्यायला किंवा जागच्या जागी जोरात धावायला लावतात. मुंग्या येतात, छाती धडधडते, परंतु कोणी कोसळत नाही. हे स्वतःच्या शरीरावर अनुभवणे शंभर समजुतीच्या शब्दांपेक्षा भारी ठरते. मग पायऱ्या ठरवतात : धोपाव्याच्या धक्क्यावर जाऊन दोन फेऱ्या सुटेपर्यंत उभे राहणे, सोबत कोणाला घेऊन पलीकडे जाऊन येणे, सोबतीला गाडीत बसवून स्वतः कठड्याशी उभे राहणे आणि शेवटी एकटीने जाणे. येथे एक बारीक गोष्ट जाणकार तज्ज्ञच पकडतो. पर्समधली ‘अडचणीला असू दे’ म्हणून ठेवलेली गोळी, हातातली पाण्याची बाटली, सतत नाडी चाचपणे, नवऱ्याचा धरून ठेवलेला दंड हे सारे आधारही हळूहळू सुटावे लागतात; अन्यथा ‘बाटली होती म्हणून निभावले’ असा नवा गैरसमज जन्मतो. प्रत्येक फेरीआधी काय होईल असे वाटते ते लिहावे आणि फेरीनंतर प्रत्यक्षात काय झाले ते त्याच्या शेजारी लिहावे. पावसाळ्यात खाडीला उधाण असताना बोट टाळणे हा शहाणपणा आहे, त्याला आजार समजू नये.

भीतीच्या झटक्यांसाठी ब्रिटनची नाइस ही आरोग्य मार्गदर्शन संस्था एकूण 7 ते 14 तासांची सीबीटी सुचवते. तेव्हा कोणी वर्षानुवर्षे दर आठवड्याला बोलावत असेल आणि तुम्ही अजून धक्क्यावरही गेला नसाल, तर आपण नेमके काय करत आहोत, असे त्यांना निःसंकोच विचारावे.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील आंबा बागायतदार आहे, वय 53. मोहोर धरल्यापासून पेट्या भरेपर्यंत माझी झोप उडालेली असते. ढगाळ वातावरण झाले की तुडतुडे, थ्रिप्स, करपा, मग अवकाळी पाऊस, मग मुंबईचा भाव. रात्री दोन-तीनदा उठून मोबाईलवर हवामान पाहतो. आता तर हंगाम संपला तरी हे थांबत नाही. मुलीचे लग्न, बँकेचे कर्ज, स्वतःचे पोट दुखले तरी तेच. मुलगा म्हणतो सीबीटी घ्या. माझा साधा सवाल आहे : विचार बदलून पाऊस थांबणार आहे का?

उत्तर : नाही थांबणार, आणि कोणताही प्रामाणिक तज्ज्ञ तसे सांगणार नाही. सीबीटी म्हणजे ‘सगळे चांगलेच होईल’ असे स्वतःला बजावणे, हा तिच्याविषयीचा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. ज्याने हातातोंडाशी आलेले पीक अवकाळीत गेलेले पाहिले आहे, त्याला असे सांगणे हा त्याचा अपमानच होय. बागायतदाराची हंगामातील काळजी खरी असते आणि फवारणीची वेळ गाठण्यासाठी ती थोडीफार उपयोगीही पडते.

तुमच्या पत्रातील महत्त्वाचे वाक्य ‘हंगाम संपला तरी हे थांबत नाही’ हे आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस अनेक विषयांवर आवरता न येणारी काळजी, आणि तिच्या जोडीला झोपमोड, स्नायूंचा ताण, चिडचिड किंवा थकवा, असे चित्र असेल तर त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. तज्ज्ञ प्रारंभी बहुधा जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. ती 2006 मध्ये तयार झाली असून तिचे गुण 0 ते 21 असतात. 10 किंवा त्याहून अधिक आल्यास सखोल तपासणी करणे योग्य समजले जाते. गुण म्हणजे निदान नव्हे, परंतु दर काही आठवड्यांनी ती पुन्हा भरली की फरक आकड्यात दिसतो. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे सोयीचे वाटते, असा माझा अनुभव आहे.

उपचारात पहिली विभागणी अशी करतात : या काळजीवर आज, माझ्या हाताने काही करता येण्यासारखे आहे का? असेल तर ते कृतीच्या यादीत जाते. बुरशीनाशक आणणे, पीकविम्याची मुदत पाहणे, बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना विचारणे, ही कामे दिवसाची. ‘एप्रिलात गारा पडल्या तर?’ हा प्रश्न डिसेंबरच्या रात्री दोन वाजता सुटण्यासारखा नसतो. तो दुसऱ्या रकान्यात. या दुसऱ्या रकान्यासाठी अमेरिकेतील टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक उपाय तपासला, तो आजही वापरला जातो. रोज एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त काळजीसाठी राखून ठेवायचा आणि इतर वेळी काळजी आली की तिची नोंद करून ‘साडेपाचला बघू’ म्हणत हातातल्या कामाकडे वळायचे. वाचायला हे पोरखेळासारखे वाटेल. करून पाहिल्यावर साडेपाचला वहीतल्या निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या आढळतात.

दुसरा भाग अधिक अवघड आहे आणि त्यासाठी जाणता तज्ज्ञ लागतो. कॅनडातील मिशेल ड्युगा यांच्या संशोधनाने असे दाखवले की, सततची काळजी करणाऱ्या माणसाला संकटापेक्षाही अनिश्चितता सहन होत नाही. रात्री तीनदा हवामान पाहणे ही त्या अनिश्चिततेवरची मलमपट्टी आहे. पाहिल्यावर क्षणभर बरे वाटते, तासाभरात अंदाज बदललेला असू शकतो म्हणून पुन्हा पाहावेसे वाटते, आणि न पाहता राहण्याची ताकद दिवसेंदिवस घटत जाते. म्हणून दिवसातून दोन ठरलेल्या वेळीच हवामान पाहायचे आणि रात्री मोबाईल माजघरात ठेवून झोपायचे, असा प्रयोग आठवडाभर करण्यास सांगतात. त्या आठवड्यात न पाहिल्यामुळे खरोखर एखादी फवारणी चुकली का, हे तुम्ही स्वतः नोंदवायचे. चुकली असेल तर वेळा बदलायच्या. तज्ज्ञाचे म्हणणे वेदवाक्य मानायचे नसते. या विकारासाठी नाइस साधारणपणे आठवड्याला एक, अशा तासाभराच्या 12 ते 15 बैठका सुचवते. शक्य असल्यास त्या पावसाळ्यात, बागेचे काम तुलनेने कमी असताना सुरू कराव्यात.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. आई 67 वर्षांची, वेंगुर्ला तालुक्यात एकटी राहते. माझा फोन लागला नाही की तिचा जीव घाबरा होतो; दिवसातून चार-पाच वेळा ‘पोचलास का, जेवलास का’ विचारते आणि वरचेवर देवळात जाऊन कौल लावते (देवाचा होकार-नकार विचारते), गाऱ्हाणे घालते. हे बंद करायला सांगावे का? आणि या वयात सीबीटीचा उपयोग होतो का?

उत्तर : गाऱ्हाणे बंद करायला मुळीच सांगू नये. गावऱ्हाटीतला, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रूढ व्यवस्थेतला, देवाचा आधार हा तिच्या जगण्याचा भाग आहे आणि चांगला मानसतज्ज्ञ त्याच्याशी भांडत बसत नाही. तपासायचे एवढेच की, कौल मिळाल्यावर मन निवते की दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन पुन्हा जावेसे वाटते. निवत असेल तर ती श्रद्धा आहे. रोज नवा कौल लागत असेल, तर तो तुमच्या फोनचाच दुसरा अवतार समजावा, आणि फोनबद्दल तर तुम्हीच काही करू शकता. दर वेळी ‘हो आई, पोचलो’ म्हणून तुम्ही तिची सुटका करता आणि पुढच्या फोनची तरतूदही करता. एकदम फोन घेणे थांबवणे क्रूरपणाचे होईल. त्याऐवजी तिच्याशी मोकळेपणाने ठरवून सकाळी एक आणि रात्री एक असा निवांत फोन ठेवावा, त्यात केवळ खुशाली न विचारता गप्पा माराव्यात आणि मधले फोन आठवड्या-आठवड्याने कमी करावेत.

वयाचे म्हणाल तर सीबीटी साठीनंतरही उपयोगी पडते. गती थोडी कमी ठेवावी लागते, लिहिण्याऐवजी बोलून नोंदी ठेवता येतात. मात्र या वयात चिंता नव्याने सुरू झाली असेल, तर आधी थायरॉइड, रक्तदाब, चालू औषधे आणि स्मरणशक्ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

प्रश्न : डॉक्टरांनी अल्प्राझोलामची गोळी दिली आहे. ती घेत असताना सीबीटी करता येते का, की गोळी आधी बंद करावी? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : स्वतःच्या मनाने बंद करू नये. अल्प्राझोलामच्या वर्गातील, म्हणजे चिंता लगेच शमवणाऱ्या, गोळ्यांची शरीराला सवय लागते आणि त्या एकाएकी थांबवल्यास चिंता उसळते, कधी कधी फिटही येऊ शकते. मात्रा किती आणि कशी उतरवायची, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी औषधे वेगळ्या प्रकारची आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यांच्याबरोबर सीबीटी व्यवस्थित चालते. अल्प्राझोलामची अडचण एवढीच की, भीतीला सामोरे जाण्याच्या सरावाआधी ती घेतली तर यश गोळीच्या खात्यावर जमा होते. म्हणून मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकमेकांशी बोलतील, अशी व्यवस्था तुम्ही आग्रहाने करून घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे जवळपास कोणी तज्ज्ञ नाही. ऑनलाइन उपचार खरोखर होतात का? मला प्रमाण मराठी नीट बोलता येत नाही, मालवणीत बोललेले चालेल का? आणि घरातल्या कोणाला कळू द्यायचे नाही. (वाचक, मालवण तालुका)

उत्तर : व्हिडिओवरून सीबीटी होते आणि चिंताविकारांसाठी ती चांगली लागू पडते, कारण वही, सराव आणि मोजमाप हा तिचा गाभा अंतरावर अवलंबून नसतो. भाषेची चिंता सोडून द्यावी. मनात आलेला विचार ज्या बोलीत आला, त्याच बोलीत वहीत उतरवावा. शुद्ध करून लिहिलेल्या विचाराची धार जाते. मालवणी समजणारा तज्ज्ञ मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास निदान ती ऐकून घेणारा असावा.

सरकारी व्यवस्थेत रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची बाह्यरुग्ण सेवा असते; तेथे मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात, हे आधी विचारून जावे म्हणजे खेप फुकट जात नाही. याशिवाय ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. तेथे पूर्ण सीबीटी होत नाही. परंतु प्राथमिक आधार आणि पुढे कोठे जावे याचे मार्गदर्शन मिळते. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर बैठक ठरण्याची वाट न पाहता त्याच क्रमांकावर फोन करावा आणि घरातल्या किमान एका माणसाला सांगावे. अशा वेळी गुप्तता बाजूला ठेवावी.

एरवी गुप्ततेचा हक्क तुम्हाला 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे आणि तज्ज्ञ तुमच्या परवानगीविना घरच्यांशी बोलू शकत नाही. कौलारू घरात एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत ऐकू जाते, ही तुमची खरी अडचण असणार. इअरफोन लावावेत, घरात माणसे कमी असतील ती वेळ मागून घ्यावी आणि बागेत किंवा बंद गाडीत बसायचे असेल, तर तेथे रेंज टिकते का, हे पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला व्हिडिओ कॉल लावून पाहून ठेवावे.